बोर्गवार्डची आठवण : बंद पडलेल्या कारखान्याचे चाहते आणि स्मृतीचा प्रश्न

मागच्या वेळी आपण स्मृतीपाशी थांबलो होतो. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानत नाहीत, एवढं मी सांगितलं आणि वेळ संपली. बाहेर पडताना एका श्रोत्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, घट, पट आणि देवदत्त सोडून एखादं उदाहरण द्या की." त्यांचं बरोबर होतं. म्हणून आज मी एक मोटारगाडी आणली आहे. गाडीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण गाडीवर प्रेम करणारी माणसं काय आठवतात आणि कसं आठवतात, हा माझा विषय आहे असं मी समजतो.

गाडीचं नाव बोर्गवार्ड. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातली कंपनी. 1961 मध्ये ती बुडाली. आज तिला साठाहून अधिक वर्षं झाली. तरी तिच्या गाड्या सांभाळणारे लोक आहेत, त्यांचे क्लब आहेत, मेळावे भरतात, सुटे भाग बनवून घेतले जातात. यात नवल नाही, जुन्या गाड्यांचे शौकीन सगळीकडे असतात. पण बोर्गवार्डच्या चाहत्यांचं एक वेगळेपण आहे. त्यांच्या आठवणीत एक तक्रार आहे. ही कंपनी मेली नाही, तिला मारलं, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात. आठवण आणि आरोप एकत्र आले की स्मृतीचा प्रश्न पुस्तकातून बाहेर येतो.

आधी थोडा इतिहास, नाहीतर पुढचं समजणार नाही. कार्ल बोर्गवार्ड यांचा जन्म 1890 चा, हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनातला. वडील कोळशाचे व्यापारी, घरात तेरा मुलं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ब्रेमेनमध्ये एका छोट्या कारखान्यात भागीदारी घेतली. तिथे मोटारींचे रेडिएटर बनायचे. मग 1924 च्या सुमारास त्यांनी एक तीनचाकी मालगाडी काढली, 'ब्लिट्झकारेन' नावाची. इंजिनाची ताकद जेमतेम दोन अश्वशक्ती! पण छोट्या दुकानदारांना ती परवडली, टपालखात्यानेही घेतली. त्यातून पुढे 'गोलियाथ' हा तीनचाकी गाड्यांचा ब्रँड उभा राहिला, आणि थोड्याच वर्षांत ज्या मोठ्या कंपनीला आपण रेडिएटर पुरवत होतो, ती हान्सा-लॉइड कंपनीच बोर्गवार्ड यांनी ताब्यात घेतली.

इथे जाता जाता एक गोष्ट. तीनचाकी मालगाड्यांच्या धंद्यात गोलियाथचा मोठा प्रतिस्पर्धी होता हॅम्बुर्ग-हारबुर्गचा 'टेम्पो'. होय, तोच. 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि टेम्पोची 'हॅन्सीट' ही तीनचाकी आपल्याकडे बनू लागली. आज आपण घर बदलताना "टेम्पो सांगितलाय का?" असं विचारतो, तेव्हा एका बंद पडलेल्या जर्मन कारखान्याचं नाव घेत असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बोर्गवार्डचं नशीब वेगळं. ते नाव कुठल्या भाषेत सामान्यनाम झालं नाही. ते आठवायचं तर मुद्दाम आठवावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाकडे मी नंतर येणार आहे. ते मुद्दाम मागे ठेवलंय, का ते कळेल.

युद्धानंतर कच्चा माल मोजून मिळायचा, कंपनीगणिक कोटा ठरलेला. बोर्गवार्ड यांनी काय केलं, तर एका कंपनीच्या तीन केल्या : बोर्गवार्ड, गोलियाथ आणि लॉइड. तीन कंपन्या म्हणजे तीन कोटे. युक्ती नामी होती. मात्र कोटा पद्धत संपल्यावरही तीन कंपन्या तीनच राहिल्या. प्रत्येकीचं डिझाइन वेगळं, खरेदी वेगळी, विक्रेते वेगळे. पुढच्या अडचणींचं एक मूळ इथे आहे.

लॉइडची 1950 ची छोटी गाडी हे या आठवणींतलं लाडकं पात्र. तीनशे सीसीहून किंचित लहान टू-स्ट्रोक इंजिन, दहा अश्वशक्ती, आणि पत्र्याच्या तुटवड्यामुळे सांगाडा प्लायवूडचा, वरून रेक्झिनसारखं कृत्रिम चामडं ताणून बसवलेलं. लोकांनी तिला नाव ठेवलं 'ल्यूकोप्लास्ट बॉम्बर'. ल्यूकोप्लास्ट म्हणजे जखमेवर लावायची चिकटपट्टी. कुठे फाटलं तर पट्टी चिकटवा आणि चला! ज्याला मरणाची भीती नाही त्यानेच ही चालवावी, अशा अर्थाचं एक टवाळ यमकही तेव्हा प्रचलित होतं. आणि गंमत बघा, ज्या गाडीची लोकांनी आयुष्यभर चेष्टा केली, तिच्याबद्दलच ते सर्वांत हळवे होतात. कारण घरातली पहिली गाडी तीच होती. पहिल्यांदा डोक्यावर छप्पर घेऊन पावसातून जाता आलं ते तिच्यात. ज्यांनी पेट्रोलपंपावर मापाने ऑइल घालून घेत स्कूटर चालवली आहे, त्यांना हा हळवेपणा वेगळा समजावून सांगायला नको.

आणि मग 'इझाबेला'. 1954 ची. दीड लिटरचं इंजिन, साठ अश्वशक्ती, नंतरच्या टीएस मॉडेलला पंचाहत्तर. नावाची कथा चाहते हमखास सांगतात. चाचणीच्या गाड्या रस्त्यावर काढायच्या होत्या, खरं नाव झाकायचं होतं. मालकांना विचारलं, काय लिहू? ते कामात होते, म्हणाले, लिहा काहीही, इझाबेला लिहा हवं तर. तेच नाव राहिलं. कथा खरी असेल किंवा सांगून सांगून गुळगुळीत झाली असेल. पण ती टिकली, कारण तिच्यात माणूस दिसतो : घाईतला, नावापेक्षा यंत्रात रमलेला, स्वतःच्या हाताने मातीसारख्या लगद्यातून गाडीचा आकार घडवणारा मालक. सात-आठ वर्षांत सुमारे 2 लाख इझाबेला बनल्या. गाडी मर्सिडीझपेक्षा स्वस्त, फोक्सवॅगनपेक्षा ऐटदार. डॉक्टर, वकील, बरं चाललेला व्यापारी यांची ती गाडी.

आता ही आठवण राहते कुठे? आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1896 मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. एक सवयीची स्मृती. पाठ केलेली कविता जशी, ती म्हणताना आपण भूतकाळ आठवत नसतो, जीभ आपोआप चालते. दुसरी प्रसंगाची स्मृती. ती कविता पाठ करताना त्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता, ही एकदाच घडलेली गोष्ट. जुन्या गाडीच्या मालकापाशी हे दोन्ही असतं आणि ते एकमेकांत मिसळलेलं असतं. इझाबेलाचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. ज्याने ती तरुणपणी चालवली, त्याला कुठला गिअर कुठे हे विचारा, तो तोंडाने सांगणार नाही. तो हवेत हात हलवेल, आणि हाताकडे बघून मग सांगेल. हाताला माहीत आहे, त्याला नाही! आणि हात हलला की मागून प्रसंग येतो : वडील शेजारी बसलेले, आल्प्सचा घाट, तापलेलं इंजिन.

कारखाना जिवंत असतो तोवर ही हाताची स्मृती कारखान्याची असते. तिथले नकाशे, साचे, मिस्त्री. कारखाना बंद पडला की काय होतं? नकाशे कुठेतरी जातात, साचे मोडीत निघतात, मिस्त्री म्हातारे होतात. मग गाडीचा मालक हाच दफ्तरखाना होतो. दरवाज्याची रबरी पट्टी मिळत नाही, तेव्हा पन्नास जण वर्गणी काढून एकदम करून घेतात, कारण दहा पट्ट्यांसाठी कोणी साचा बनवून देत नाही. कुठला बेअरिंग दुसऱ्या कुठल्या गाडीचा चालतो, ही माहिती तोंडी फिरते. जर्मनीतल्या या क्लबांचं मला खरोखर कौतुक वाटतं. विद्यापीठात आम्ही ज्ञानपरंपरा ज्ञानपरंपरा म्हणतो, ती इथे ग्रीस लागलेल्या हातांनी चालू आहे.

पण याच आठवणीत निवड कशी होते तेही बघा. जी गाडी हौसेने घेतली ती जपली गेली. जी कामाला घेतली ती झिजवून भंगारात घातली. त्यामुळे मेळाव्यात मानाच्या जागी चकचकीत इझाबेला कूपे उभी असते. भाजीबाजारात राबलेली गोलियाथची तीनचाकी सांभाळावी असं तिच्या मालकाला कशाला वाटेल? मग साठ वर्षांनी बघणाऱ्याला वाटतं, बोर्गवार्ड म्हणजे देखण्या गाड्यांची कंपनी. हे असत्य नाही. पण भंगारवाल्याने अर्ध्या गोष्टी आधीच पुसून टाकलेल्या आहेत.

आता त्या तक्रारीकडे येऊ. 1960 मध्ये कंपनीला पैशाची चणचण भासू लागली. अमेरिकेत तिथल्याच कंपन्यांनी छोट्या गाड्या काढल्या आणि जर्मन गाड्यांची निर्यात घसरली. इकडे लॉइडच्या नव्या 'अराबेला'त सुरुवातीला पाणी शिरायचं, लोक तिला 'आक्वाबेला' म्हणू लागले. नवी मॉडेलं एकामागून एक. एअर सस्पेन्शनची मोठी सहा सिलिंडरची गाडी. इतकंच काय, हाइनरिख फोके या नामांकित अभियंत्याला हाताशी धरून 'कोलिब्री' नावाचं हेलिकॉप्टरसुद्धा! 1958 मध्ये ते उडालंही. आणि हे सगळं एकट्या मालकाच्या जिवावर, भागीदार नाहीत, भागधारक नाहीत, बँकांचं आणि पुरवठादारांचं उधार. डिसेंबर 1960 मध्ये 'डेर श्पीगेल' या साप्ताहिकाने बोर्गवार्ड यांच्यावर बोचरा लेख छापला. बँका सावध झाल्या. ब्रेमेन हे शहर असूनही स्वतंत्र राज्य आहे, त्याचं सरकार आधी कर्जाला हमी देणार होतं, त्याने हात आखडता घेतला. 4 फेब्रुवारी 1961 ला, कित्येक तासांच्या वाटाघाटींनंतर, सत्तर वर्षांच्या बोर्गवार्ड यांनी आपला उद्योग राज्याच्या स्वाधीन केला.

राज्याने देखरेखीला नेमले योहानेस झेमलर. आणि इथे चाहत्यांचा आवाज चढतो. कारण हेच झेमलर त्याच सुमारास बीएमडब्ल्यूच्या पर्यवेक्षक मंडळावरही होते. बीएमडब्ल्यू 1959 च्या शेवटी स्वतःच विकली जायच्या बेतात होती. 1961 च्या सप्टेंबरमध्ये तिने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दीड लिटरची नवी गाडी दाखवली, म्हणजे अगदी इझाबेलाच्या गिऱ्हाइकाची. आणि त्याच सप्टेंबरात बोर्गवार्ड दिवाळखोरीत गेली. पुढे बोर्गवार्डचे काही अभियंते बीएमडब्ल्यूत गेले. त्यावर शेवटचा मुद्दा : मालमत्ता विकून देणेकऱ्यांची देणी पुढे भागली. मग कंपनी बुडालेली होती कुठे? जुलै 1963 मध्ये कार्ल बोर्गवार्ड हृदयविकाराने गेले. चाहत्यांच्या लेखी ही दुसरी हत्या.

ही कथा मनाची पकड घेते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही पटली. पण आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आहोत, तेव्हा तपासू.

देणी फिटली, म्हणून कंपनी सक्षम होती : हा हेतू साध्य सिद्ध करतो का? करत नाही. एखाद्याकडे दहा एकर जमीन आहे आणि आज मजुरांना द्यायला पैसे नाहीत. जमीन विकली तर सगळ्यांचं देणं फिटेल, पण शेती संपली. मालमत्ता देण्यापेक्षा जास्त असणं आणि या आठवड्याचा पगार वेळेवर देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीसेक हजार माणसांचा पगार होता तो. कंपनी विकून देणी फिटली यावरून कंपनी चालवून फिटली असती हे निघत नाही. तसंच, ती चालली नसतीच, हेही निघत नाही. हमी मिळाली असती, एखादा भागीदार आणला असता, तीनच्या एक कंपनी केली असती, तर कदाचित तगली असती. माझं मत विचाराल तर वाचवण्याचा पुरेसा प्रयत्न झाला नाही. पण पुरेसा प्रयत्न न करणं आणि ठरवून मारणं यात अंतर आहे.

झेमलर यांचं दोन्हीकडे असणं? ते नोंदलेलं आहे, आणि ते अयोग्य होतं असं मी म्हणेन. पण हितसंबंध होता एवढ्यावरून कृती त्या हेतूने झाली असं सिद्ध होत नाही. नैयायिकांच्या भाषेत, धूर दिसला म्हणता, पण ते धुकंही असू शकतं. संशयाला जागा आहे. निश्चयाला नाही.

मग चाहते इतके निश्चयाने का बोलतात? इथे मी मॉरिस आल्बवाक्स यांच्याकडे जातो. बर्गसाँचे विद्यार्थी, पण त्यांनी गुरूपेक्षा वेगळी वाट धरली. 1925 च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की माणूस एकटा आठवतच नाही. कुटुंब, गाव, धंदा अशा चौकटी असतात, त्या चौकटीत बसेल ते आठवणीत राहतं. बोर्गवार्डची चौकट कोणती? युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर, त्यातून उभा राहिलेला कारखाना, वडिलांची पहिली गाडी. त्या चौकटीत "म्हातारा हट्टी होता आणि हिशेबात कच्चा होता" हे बसत नाही. बापाबद्दल असं कोण बोलतं? बाहेरचा अपराधी बसतो.

आणि आणखी एक गोष्ट बसत नाही, जी मी मागे ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना लष्करी ट्रक, अर्ध-रणगाडी वाहनं आणि टॉर्पेडो बनवत होता. 'गोलियाथ' नावाचं दुरून चालवायचं, स्फोटकांनी भरलेलं छोटं पट्ट्यांचं वाहनही तिथे बनलं. 1944 च्या वॉर्सॉच्या उठावात जर्मन सैन्याने ते वापरलं. नाव बघा, भाजीबाजारातल्या त्या तीनचाकीचंच. कारखान्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते. ऑक्टोबर 1944 मध्ये बॉम्बहल्ल्यात कारखाना मोडला. युद्धानंतर अमेरिकनांनी बोर्गवार्ड यांना काही महिने कैदेत ठेवलं होतं. नाझी पक्षाचे ते सभासद होते.

जर्मनीतल्या इतिहासकारांनी हे लिहिलेलं आहे, कोणी लपवलेलं नाही. पण मेळाव्यातल्या गप्पांत कथा सुरू होते ती 1945 नंतर, ढिगारा उपसण्यापासून. ढिगाऱ्याखाली कोण राबत होतं, हे त्या चौकटीत येत नाही. आणि ज्या आल्बवाक्सनी आपल्याला चौकटीची गोष्ट शिकवली, ते मार्च 1945 मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मेले. मी हे टाळ्यांसाठी सांगत नाही. 1961 मध्ये आमच्यावर अन्याय झाला असं जी आठवण म्हणते, तिला 1944 चा अन्यायही ऐकून घ्यावा लागेल, एवढंच माझं म्हणणं. चाहत्यांपैकी काही जणांनी ही बाजू स्वतःहून उकरून काढली आहे, तेही सांगायला हवं. त्यांची गाडी तितकीच चकचकीत असते.

वेळ कमी आहे, एकच मुद्दा उरला. नैयायिक स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत फरक करतात. "तोच हा देवदत्त" ही प्रत्यभिज्ञा, ओळख पटणं. त्यात 'तो' आठवणीतला आणि 'हा' डोळ्यांसमोरचा. आता हे बघा. 2008 मध्ये बोर्गवार्ड यांच्या नातवाने कंपनी पुन्हा काढली. पैसा चीनच्या फोटोन कंपनीचा. 2015 मध्ये फ्रँकफर्टला नवी एसयूव्ही दाखवली, पुढे तोच लाल-पांढरा समभुज चौकोन. नाव तेच, घराणं तेच, चिन्ह तेच. ब्रेमेनमध्ये कारखाना काढायची घोषणा झाली, तो काही निघाला नाही. 2022 मध्ये तीही दिवाळखोरीत गेली. जुन्या चाहत्यांना ही "तोच हा" वाटली का? बहुतेकांना नाही. या दुसऱ्या बुडण्यावर हत्येच्या कथा झाल्या नाहीत.

उलट दुसरीकडे, साठच्या दशकात मोठ्या बोर्गवार्डची यंत्रसामग्री मेक्सिकोला गेली आणि 1967 ते 1970 मॉन्टेरेमध्ये तीच गाडी पुन्हा बनली. मालक वेगळे, देश वेगळा, भाषा वेगळी. पण साचे तेच. तिला चाहते आपली मानतात. म्हणजे ओळख नावात नव्हती, आकार देणाऱ्या साच्यात होती? मला वाटतं त्यांचा कल तिकडे आहे, आणि तो मघाच्या हाताच्या स्मृतीशी जुळतो.

आणि जागेचं काय? ब्रेमेनच्या झेबाल्ड्सब्रुक भागातला बोर्गवार्डचा कारखाना आधी हानोमागकडे आणि मग डाइम्लर-बेन्झकडे गेला. आजही तिथे मर्सिडीझ बनतात. 1977 पासून काही वर्षं त्याच ब्रेमेनच्या कारखान्यात एक व्हॅन बनत होती, तिला जर्मनीत 'ब्रेमेनची व्हॅन'च म्हणायचे. ऐंशीच्या दशकात तिचं लायसन्स बजाज टेम्पोने घेतलं. तीच आपली टेम्पो ट्रॅव्हलर. अष्टविनायकाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, ट्रेकला तुम्ही जिच्यातून जाता ती. ट्रॅव्हलरमध्ये बोर्गवार्डचा एक स्क्रूसुद्धा नाही, जागा तेवढी तीच.

मी थांबतो. त्या मागच्या वेळच्या श्रोत्यांनी आधी हात वर केलाय, माइक त्यांच्याकडे द्या.